‘भरपूर पाणी प्या’ एवढ्यानं भागत नाही : उन्हाळा, मीठ आणि फिट यांबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
उष्णतेच्या लाटेचा, पाणीटंचाईचा आणि साथरोगांचा आराखडा ज्यांच्या सहीनं निघतो, ते सोलापूर शहर-जिल्ह्यातले सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

मार्च सरत आला की दरवर्षी सूचनांचं पत्रक निघतं. दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका, सुती कपडे घाला, डोक्याला रुमाल बांधा, भरपूर पाणी प्या. सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा यातलं काहीच चूक नाही. पण या पत्रकांत फिट (आकडी) हा शब्द आम्हाला सापडत नाही, आणि मीठ सापडलंच तर लिंबू सरबताच्या ओळीत, चवीपुरतं. उष्णता एका विभागाकडे, नळाचं पाणी दुसऱ्याकडे, जुलाबाची साथ तिसऱ्याकडे आणि मिरगीच्या गोळ्या कुणाकडेच नाहीत, अशी कामाची वाटणी आहे. रुग्णाच्या बाबतीत मात्र हे चारही विषय एकाच दुपारी एकत्र येतात.

हे पत्र लिहिणाऱ्यांत फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, परिचारिका, लॅब टेक्निशियन आणि औषध दुकानदार आहेत. कडक उन्हात आणि पावसाच्या पहिल्या गढूळ पाण्यानंतर आकडी आलेले रुग्ण आमच्याकडे येतात. त्यातल्या काहींना मिरगी असते. काहींना ती कधीच नव्हती. त्यांचं सोडियम ढळलेलं असतं, साखर उतरलेली असते किंवा कॅल्शियम कमी पडलेलं असतं. झटके बाहेरून सारखेच दिसतात, उपचार मात्र वेगळा. हा फरक ओळखणारी रक्ताची तपासणी आणि तो प्रसंग टाळणारी ओआरएसची (मीठ-साखरेची) पुडी, दोन्ही स्वस्त आहेत. म्हणूनच या विषयावर गप्प बसवत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ‘पाणी कमी पडलं की फिट येते’ हे सरसकट खरं नाही. नुसत्या तहानेनं मिरगीच्या रुग्णाला थेट झटका येतो, असा भक्कम पुरावा नाही. झटका येतो तो क्षारांचा तोल गेल्यावर, उष्माघातानं मेंदू तापल्यावर, किंवा उलटीसोबत फिटची गोळी पडून गेल्यावर. आणि क्षारांचा तोल पाणी कमी पिऊनही जातो, तसाच नुसतं पाणी ढोसूनही जातो. ‘भरपूर पाणी प्या’ या तीन शब्दांशी आमचं भांडण आहे ते एवढ्यासाठीच.

रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असावं लागतं (पुढचे सोडियमचे आकडे याच मापात). ते झपाट्यानं उतरलं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं, पेशी फुगतात. कवटीला फुगायला जागा नसते. आधी डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. १२० च्या खाली झटक्यांचा धोका बराच वाढतो. इथे आकड्याइतकाच वेगही महत्त्वाचा आहे. महिन्याभरात हळूहळू ११८ वर आलेली वयस्क बाई चालत दवाखान्यात येते, आणि एका दिवसात १४० वरून १२२ वर आलेल्या पोराला झटके सुरू होतात. उलट बाजूनं सोडियम १६० च्या वर गेलं तर पेशी आकसतात. तान्ह्या बाळांत यानंही झटके येतात, आणि ते चढलेलं सोडियम घाईघाईनं खाली आणलं तरीही येतात.

सोडियमशिवाय तिघांची नावं घ्यायला हवीत. साखर ५० च्या खाली गेली की झटका येऊ शकतो, आणि ही तपासणी ग्लुकोमीटरवर मिनिटभरात होते. कॅल्शियम कमी असेल तर नवजात बाळाला आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या मुलाला आकडी येते. आणि मॅग्नेशियम, ज्याची आठवण कुणालाच होत नाही: दारूचं व्यसन, लांबलेले जुलाब, वर्षानुवर्षं चालू असलेली पित्ताची गोळी, या तिन्हींत ते उतरतं, आणि ते भरल्याशिवाय कॅल्शियमही वर येत नाही. पोटॅशियमबद्दल लोक फार विचारतात, पण त्यानं स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. फिटशी त्याचा संबंध क्वचितच.

आता तक्रारी.

पहिली तक्रार पत्रकाच्या मजकुराबद्दल. घामात पाण्यासोबत मीठही जातं. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा रस्त्याच्या डांबरावर आठ-दहा तास काम करणाऱ्याच्या बनियनवर संध्याकाळी पांढरे पट्टे दिसतात, ते मीठच. असा माणूस जेवण टाळून फक्त पाणी पीत राहिला तर सोडियम पातळ होतं. मूत्रपिंड तासाला साधारण एक लिटरच्या आसपासच जादा पाणी बाहेर टाकू शकतं. म्हणून उन्हात राबणाऱ्याला सांगायचं ते असं: दर १५-२० मिनिटांनी एक पेला, तासाला पाऊण ते एक लिटर, आणि काही झालं तरी तासाला दीड लिटरच्या वर नाही. दुपारचं जेवण चुकवायचं नाही. भाकरी, भाजी, शेंगाचटणी, मिठाचं ताक एवढं पोटात गेलं तर बहुतेकांचं मीठ भरून निघतं. घाम तासन्‌तास निथळत असेल, सोबत उलटी किंवा जुलाब असतील, तर ओआरएस. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र जादा मीठ आपल्या मनानं वाढवायचं नाही, हे त्याच पत्रकात तेवढ्याच ठळक अक्षरांत असलं पाहिजे.

जारच्या आरओ पाण्यानं अंगातलं मीठ कमी होतं, अशी एक भीती शहरात फिरत असते. पाण्यातून मिळणारं सोडियम तसंही किरकोळ. ते येतं ताटातून. जारच्या पाण्याची खरी काळजी क्लोरीनची आहे, ती पुढे.

पत्रकात आणखी एक वाक्य नसतं, आणि त्याची किंमत तान्ही बाळं मोजतात. सहा महिन्यांच्या आतल्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला मे महिन्यातही वरचं पाणी लागत नाही. उन्हाचं म्हणून वाटी-चमच्यानं पाणी पाजलं, किंवा डबा पुरवायचा म्हणून पावडरचं दूध पातळ केलं, तर एवढ्याशा मूत्रपिंडाला ते पाणी बाहेर टाकता येत नाही, सोडियम उतरतं आणि बाळ डोळे फिरवतं. ‘सर्वांनी भरपूर पाणी प्यावे’ हे वाचून आजी बाळाला पाणी पाजते तेव्हा चूक आजीची नसते. उन्हात बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यायचं आणि पाणी आईनं प्यायचं, एवढंच अंगणवाडी ताईंच्या तोंडून घरोघरी गेलं तरी पुरे.

दुसरी तक्रार ओआरएसची, आणि तिच्यावर आम्ही थोडं जास्त लिहिणार आहोत. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ पासून सांगितलेलं प्रमाण असं: एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, एकूण २०.५ ग्रॅम. यातून सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल मिळतं. ही बरोबरी मुद्दाम ठेवलेली आहे, कारण आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनंच आत ओढले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. साखर वाढली की हेच उलटतं: पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

पुडी वाटली म्हणजे काम झालं असं नाही. दुकानात पुड्या दोन मापांच्या असतात, एक लिटरची मोठी आणि २०० मिलीची छोटी. दिसायला रंग सारखा, नाव सारखं, माप मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. मोठी पुडी एका पेल्यात ओतली तर सोडियम ७५ च्या जागी ३७५ होतं, म्हणजे रक्ताच्या अडीच पटींहून जास्त. मूल ते खारट पाणी थुंकतं, आई त्यात साखर घालते, आणि आता ते आणखी दाट झालेलं असतं. दुसऱ्या घरी मोठ्या पुडीतली चिमूट चिमूट पेल्यात टाकून पुडी तीन दिवस पुरवली जाते. उघड्या पुडीला ओल धरते, गुठळ्या होतात, आणि पेल्यात जवळपास साधं पाणीच राहतं. तांब्यानं मोजायला सांगण्यातही अर्थ नाही. कुणाच्या घरचा तांब्या पाऊण लिटरचा, कुणाचा सव्वाचा. मापाची वस्तू जवळपास प्रत्येक घरात आहे: एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली. ती धुऊन गळ्यापर्यंत भरायची, पातेल्यात ओतायची, पूर्ण पुडी एकदम टाकायची, विरघळेपर्यंत ढवळायचं, झाकायचं आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. पुडी विरघळल्यावर उकळायचं नाही. पाणी उकळायचं असेल तर आधी, आणि थंड झाल्यावर पुडी. पुडी नसेल तर एक लिटरला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. ‘सपाट’ हा शब्द गाळू नका. शीग लावलेला चमचा मापाला सहज दीडपट करतो.

प्रत्येक पातळ जुलाबामागे दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा, आणखी सावकाश. सोबत झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिग्रॅ, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिग्रॅ, १४ दिवस, जुलाब थांबले तरी मध्येच सोडायचं नाही.

टेट्रापॅकमधल्या गोड पेयांचा प्रश्न वेगळा. एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं) ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश काढून अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. आदेश दिल्लीत निघाला. तो पाळला जातोय का हे पाहायला सोलापूरच्या मेडिकलच्या फ्रिजसमोर कुणीतरी उभं राहावं लागतं. जुलाब लागलेल्या मुलासाठी आलेल्या बापाच्या हातात पुडी द्यायची की फ्रिजमधला गोड डबा, हे आजही काउंटरवरचा मुलगाच ठरवतो.

तिसरी तक्रार तपासणीची. आकडी आलेल्या रुग्णाची पहिली तपासणी साखर, दुसरी सोडियम, आणि लहान बाळ असेल तर कॅल्शियमही. साखरेची सोय आता बहुतेक ठिकाणी आहे. सोडियमचं मशीन असलं तरी रात्री ते चालवणारा माणूस नसतो, नाहीतर तपासणीचं रसायन (रिएजंट) संपलेलं असतं, नाहीतर लाईट गेलेली असते. मग रुग्णाला फिटचं इंजेक्शन देऊन सोलापूरला पाठवलं जातं. सोडियम ११२ वर असलेल्या माणसाला फेनिटॉइन हे फिटचं औषध कितीही दिलं तरी झटके पुरते थांबत नाहीत, कारण दुखणं दुसरीकडे आहे. मंगळवेढ्याहून, करमाळ्याहून, सांगोल्याहून अँब्युलन्स निघते आणि तेवढा वेळ मेंदू फुगलेलाच राहतो.

नमुना घेण्यातलीही एक चूक वारंवार दिसते. सलाईन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढलं जातं. पाच टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) चालू असेल तर त्या नमुन्यात साखर ६०० आणि सोडियम ११५ निघतं, रुग्णाचं खरं सोडियम १३८ असतं, आणि त्या खोट्या आकड्यावर उपचार सुरू होतात. नमुना दुसऱ्या हातातून घ्यायचा. ते शक्यच नसेल तर सलाईन थांबवून, काही मिनिटांनी, सुईच्या खालच्या बाजूनं. साखर खरोखरच चढलेली असेल तरीही सोडियम कमी दिसतं. साखरेच्या १०० च्या वरच्या प्रत्येक शंभराला सोडियममध्ये १.६ मिळवून वाचायचं असतं. हा हिशेब रिपोर्टवरच छापून आला तर रात्रपाळीच्या डॉक्टरला डोक्यात करावा लागणार नाही.

चौथी तक्रार बाटलीची. ‘एक सलाईन लावा, तरतरी येईल’ हा आग्रह रुग्णाच्या घरच्यांचा असतो, हे आम्हाला मान्य आहे. पण बाटलीत काय आहे हे पाहायचं काम त्यांचं नाही. पाच टक्के डेक्स्ट्रोज शरीरात गेलं की साखर जळून जाते आणि उरतं ते निव्वळ पाणी. जुलाबानं सोडियम आधीच घटलेल्या मुलाला ते दोन बाटल्या चढवणं म्हणजे नळीवाटे फिट देणं. अशा मुलाला रिंगर लॅक्टेट किंवा ०.९ टक्के नॉर्मल सलाईन हवं. फेनिटॉइनसुद्धा नॉर्मल सलाईनमधूनच द्यायचं. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे स्फटिक बनतात.

सोडियम कमी होऊन झटके चालू असतील तर औषध एकच: तीन टक्के सलाईन. मोठ्या माणसाला १०० ते १५० मिली दहा मिनिटांत, झटके न थांबल्यास हेच आणखी दोनदा. मुलांना वजनाच्या किलोमागे ३ ते ५ मिली. सोडियम ४ ते ६ नं वर आलं की बहुतेकदा झटके थांबतात, आणि तिथे हात आखडायचा. २४ तासांत ८ ते १० च्या वर चढवलं तर मेंदूच्या देठातल्या नसांवरचं आवरण उसवतं आणि रुग्ण फिटमधून वाचून लुळा पडतो. दारू पिणारे, कुपोषित आणि पोटॅशियम कमी असलेले यांत ही मर्यादा ८ च. म्हणून तीन टक्क्यांची बाटली आणि सोडियमचं मशीन ही जोडी आहे. एक देऊन दुसरं न देणं धोक्याचं.

पाचवी तक्रार मिरगीच्या रुग्णांबद्दल. उन्हाळ्यात त्यांचं बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण अजूनही गोळी चुकणं हेच आहे: साठा संपला, गावाला गेलो, उपास होता, उलटी झाली. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर डोस पुन्हा घ्यायचा का, हे रुग्णानं डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन ठेवावं. त्यापुढे काही औषधांची स्वतःची खोड असते. कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन सोडियम खाली आणतात. त्यात बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन मिसळलं की साठीच्या पुढच्या माणसाचं सोडियम कधी घसरलं ते कळत नाही. टेल्मिसार्टनसोबत ही औषधं एकाच गोळीत येतात. रुग्णाला वाटतं आपण बीपीची एकच गोळी घेतो. टोपिरामेट आणि झोनिसामाइडनं घाम कमी येतो, विशेषतः मुलांना. असं मूल दुपारी लाल पडतं, अंग कोरडं आणि गरम लागतं, घरचे ताप समजून पॅरासिटामॉल देतात. त्याला सावली, ओलं फडकं आणि पंखा हवा; मूतखडा होऊ नये म्हणून पाणीही हवंच. यातल्या सोडियम उतरवणाऱ्या औषधांच्या रुग्णांची यादी औषध वाटप केंद्रात काढता येते. मार्चमध्ये त्यांना बोलावून एकदा सोडियम पाहणं अशक्य नाही.

झटका थांबवणाऱ्या औषधाचंही तेच. लोराझेपामच्या अँप्युल्सना २ ते ८ अंशांचा फ्रिज लागतो. मे महिन्यात लाईट गेलेल्या उपकेंद्रात ते टिकत नाही. मिडाझोलाम नेहमीच्या तापमानाला टिकतं आणि नाकात फवारता येतं, किलोमागे ०.२ मिग्रॅ, जास्तीत जास्त १० मिग्रॅ. अँब्युलन्समध्ये, पालखी मार्गावर, आश्रमशाळेत शीर शोधत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पालखीचा उल्लेख मुद्दाम केला. माउलींची पालखी धर्मपुरीत जिल्ह्यात येते. तिथून नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असा मार्ग. या वाटेवर पाणी, जेवण, औषधं सगळं मिळतं, पण चालणाऱ्या मिरगीच्या रुग्णाची झोप मोडते, पिशवीतल्या गोळ्या भिजतात आणि एकादशीला ‘उपास आहे’ म्हणून गोळीही राहते. उपासाला गोळी चालते, हे एक वाक्य दिंडीप्रमुखांकडून सांगितलं गेलं तर आमच्या दहा फलकांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

कामाच्या जागांबद्दल थोडक्यात. विडी वळताना तंबाखू उडते म्हणून पंखा बंद असतो. शेडमध्ये बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसतं म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि घरी गेल्यावर एकदम दोन तांबे रिचवतात. या बायकांना ‘पाणी प्या’ सांगणारं पत्रक चिकटवण्याआधी मालकाला स्वच्छतागृह बांधायला सांगा.

आणि नळ. शहराला पाणी वर्षानुवर्षं काही दिवसांआड येतं. तोपर्यंत ते टाकीत, पिंपात, घागरीत साठतं, क्लोरीन उडून जातं, हात बुडतात, जुलाब लागतात. उजनीचं पाणी शुद्ध करताना किती क्लोरीन टाकलं याची नोंद असते. शेवटच्या गल्लीतल्या नळाला लिटरमागे ०.२ मिग्रॅ क्लोरीन उरलं का, याची ओटी टेस्ट (उरलेलं क्लोरीन रंगावरून मोजणारी चाचणी) रोज व्हायला हवी, आणि जारच्या पाण्याचीसुद्धा.

आमच्या मागण्या अशा आहेत. यातल्या बहुतेकांना नवा निधी लागत नाही.

पत्रक नव्यानं लिहा. त्यात पाण्याचं तासाचं माप, मीठ आणि जेवण, सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नको हे वाक्य, आणि ओआरएसची कृती चित्रांसह असावी. ते मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही भाषांत काढा. पूर्व भागातल्या आणि अक्कलकोटकडच्या कित्येक घरांत नुसत्या मराठी पत्रकाचा उपयोग नाही.

त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला फिट आल्यावर काय करायचं ते छापा: माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, डोक्याखाली मऊ काही ठेवा. तोंडात चमचा, बोट, कापड घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी, सरबत, ओआरएस, काहीही पाजू नका. उन्हात पडलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतण्याची लोकांना फार घाई असते आणि ते थेट फुप्फुसात जातं. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, लागोपाठ आला, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आला, तर १०८. अंग चटका बसण्याइतकं गरम असेल तर अँब्युलन्सची वाट पाहतानाच कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. उष्माघातात पॅरासिटामॉलनं ताप उतरत नाही.

शाळांत, अंगणवाड्यांत आणि स्वस्त धान्य दुकानांत एक लिटरची ओआरएस पुडी ठेवा, आणि ती वाटणाऱ्यानं समोर एकदा बनवून दाखवावी. शाळेत तासातासाला पाण्याची घंटा द्या. मिरगी असलेल्या मुलाचं नाव, औषध आणि पालकांचा नंबर वर्गशिक्षकांकडे असू द्या.

प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात १ एप्रिलपासून २४ तास, इन्व्हर्टरसह, अर्ध्या तासात सोडियमचा रिपोर्ट मिळाला पाहिजे. १२० च्या खाली किंवा १६० च्या वर आकडा आला तर लॅबनं कागदाची वाट न पाहता फोन करावा. मशीन बंद असेल तर ते बंद असल्याचं त्याच दिवशी जिल्ह्याला कळावं, म्हणजे अँब्युलन्स कुठे न्यायची ते ठरवता येईल. पाठवणीच्या चिठ्ठीवर सोडियम, साखर, दोन्हींची वेळ, कोणती बाटली किती चढवली आणि कोणतं फिटचं औषध किती दिलं, एवढ्या रकान्यांची सक्ती करा.

तीन टक्के सलाईन, २५ टक्के डेक्स्ट्रोज, १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि मिडाझोलामचा नाकातला फवारा हे एकाच ट्रेमध्ये, एकाच जागी, डोसच्या तक्त्यासह ठेवा; तक्त्यावर ‘२४ तासांत ८ ते १० च्या वर नको’ लाल अक्षरांत. दारूच्या रुग्णाला डेक्स्ट्रोजच्या आधी किंवा सोबत थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्या, हेही त्याच तक्त्यावर. प्राथमिक आरोग्य केंद्रांत लेव्हेटिरासेटाम, व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनचा साठा एप्रिल ते जुलै अखंड राहावा आणि रुग्णाला एका वेळी दोन महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात.

अन्न व औषध निरीक्षकांनी शहरातल्या आणि तालुक्याच्या औषध दुकानांत ‘ओआरएस’ नावानं विकल्या जाणाऱ्या गोड पेयांची तपासणी करून निकाल जाहीर करावा.

नळाचं पाणी कोणत्या भागात कधी येणार याचं वेळापत्रक पाळा, आणि टोकाच्या नळांची ओटी टेस्ट रोज प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लिहा.

या मागण्यांपैकी कोणत्या मान्य, कोणत्या अमान्य आणि अमान्य असतील तर का, याचं उत्तर आम्हाला लेखी आणि जाहीर हवं आहे. डोसचा तक्ता, चार भाषांतलं पत्रक आणि लॅब कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण यासाठी लागणारा आमचा वेळ विनामूल्य आहे. बैठकीची तारीख आपण कळवावी. ती मार्च संपण्याआधीची असावी.

आपले,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातले काही डॉक्टर, परिचारिका, लॅब टेक्निशियन आणि औषध दुकानदार